जिन्याच्या पोकळीतली पट्टी

आमच्या कॉलेजच्या जिन्यात मधोमध एक अरुंद पोकळी होती आणि त्या पोकळीत देवरे मॅडमची पट्टी टांगलेली असायची. चौथ्या मजल्यावर कठड्याला आडवा लोखंडी पाइप, त्याला बांधलेली ती वीतभर रुंद विणलेली पट्टी सरळ तळमजल्यापर्यंत खाली यायची. शेवटाला जाड कॅनव्हासच्या पिशवीत वजन, आणि पिशवीखाली वाळूची पेटी, म्हणजे पडलंच तर फरशी फुटायला नको. प्रत्येक मजल्यावर कठड्याला एक कात्री बांधलेली आणि शेजारी पुठ्ठा: ‘आज इथला एक धागा कापा. कुठलाही. विचार करू नका.’ मजल्यामागे दिवसाला एकच धागा. कापला की पुठ्ठा उलटा करून ठेवायचा. सकाळी लॅबचे शिवाजीमामा सगळे पुठ्ठे पुन्हा सुलटे करून जायचे.

मी विंचूरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही आणि वाटू नये असं मॅडमनीच मला सांगितलं होतं. पण त्या पहिल्या दिवशी वडलांसोबत फी भरून जिन्यातून येताना मला ती पिशवी आधी दिसली. छातीएवढ्या उंचीवर ती अगदी सावकाश स्वतःभोवती फिरत होती. वडील जरा बाजूला सरले आणि तिला म्हणाले, “सरका जरा.” अंधूक उजेडात त्यांना कोणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटलं. नंतर कळलं, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच तसं होतं.

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. उंच, हडकुळ्या, केस घट्ट बांधलेले, साडीवरही गळ्याभोवती बाराही महिने सुती ओढणीचे दोन वेढे. एप्रिलमध्ये नाशिक तापायचं तेव्हाही. स्कूटरच्या हँडलवर संक्रांतीच्या दिवसांत लोक मांज्यापासून बचावाला लोखंडी तार वाकवून लावतात, ती मॅडमच्या स्कूटरवर वर्षभर असायची. मुलं तिला अँटेना म्हणायची. बोलणं शहरी, स्वच्छ. चिडल्या की मात्र अहिराणी निघायची आणि आम्हा निम्म्यांना कळायची नाही, त्यामुळे ज्याला शिव्या पडल्या तो शेजारच्याला विचारायचा, काय म्हणाल्या रे?

त्या मशीन डिझाइन शिकवायच्या. पण कुठलाही धडा असो, गाडी शेवटी आकाशाच्या लिफ्टवर यायची. पृथ्वीपासून वर, उपग्रहांच्याही पलीकडे जाणारी एक दोरी. वरच्या टोकाला वजन. पृथ्वी फिरते म्हणून दोरी ताठ राहणार, गोफण फिरवली की राहते तशी. मग रॉकेट नको, त्या दोरीवरून डबा चढत जाईल. अशी दोरी जगात कोणी केलेली नाही, करता येईल असं मटेरियलही अजून नाही. मागच्या बाकावरच्या एकाने एकदा विचारलं की मॅडम, अजून रस्त्यावरचे खड्डे बुजले नाहीत आणि आपण आकाशाची लिफ्ट का करतोय. मॅडम म्हणाल्या, खड्ड्यांचं सिव्हिलवाल्यांना विचार, तू मेकॅनिकलचा, तुझ्या हातून लिफ्ट पडणार नाही एवढं बघ.

त्यांना ती दोरी वर कशी न्यायची यात रस नव्हता. माणसं हुशार आहेत, मटेरियल शोधतील, लटकवतील, म्हणायच्या. त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा. वर कचरा फिरतोय. मेलेले उपग्रह, रॉकेटांचे तुकडे, बोल्ट, रंगाच्या खपल्या. बंदुकीच्या गोळीहून कितीतरी पट वेगाने. दोरी एका जागी उभी, आणि हे सगळं आज ना उद्या तिच्या वाटेत येणार. मोठे तुकडे रडारवर दिसतात. दोरीचं खालचं टोक समुद्रात जहाजावर बांधलेलं असेल तर ते थोडं सरकवून दोरीला बाजूला घेता येतं. अगदी बारीक कण लागले तर दोरी ओरखडे सोसते. राहिले मधले. दिसायला लहान, कापायला पुरेसे मोठे.

फळ्यापाशी त्या नेहमी एकाच सुरात म्हणायच्या, “मोठं टाळता येतं. बारीक सोसता येतं. मधल्याचं काय करशील ते सांग.”

आम्ही म्हणायचो, चिलखत घालू. त्या म्हणायच्या, मग दोरी स्वतःच्याच वजनाने तुटेल. आम्ही म्हणायचो, दोन दोऱ्या लावू. मग दोन तुटतील. त्यांचं उत्तर जिन्यात टांगलेलं होतं. पट्टी चपटी, जाळीसारखी. उभे धागे, त्यांना ठरावीक अंतरावर जोडणारे तिरपे. एक उभा धागा तुटला की शेजारचे त्याचा भार उचलतात, आणि पुढच्या जोडापलीकडे तो भार पुन्हा सगळ्यांत वाटला जातो. तुटणं तेवढ्या पट्ट्यात राहतं. म्हणजे मधल्याला थांबवायचं नाही. ते येणार, कापणार, असं धरूनच विणायचं. किती कापल्यावर पट्टी जाते हे मॅडमनी कागदावर काढलं होतं. आता त्यांना खऱ्या, मुर्दाड, न बघता कापणाऱ्या हातांनी ते तपासायचं होतं. म्हणून आम्ही.

मी पहिल्यांदा कापला तेव्हा कात्री हातात घेऊन बराच वेळ कडेचा, निरुपद्रवी वाटणारा धागा शोधत राहिले. वरच्या मजल्यावरून आवाज आला, “विचार करते आहेस.” मॅडम कठड्यावर वाकलेल्या होत्या. “वरचा कचरा तुझ्यासारखा गुणी नाही. डोळे मीट आणि काप.” मी डोळे मिटले आणि कापला. कट् असा बारीक आवाज झाला, पट्टी किंचित थरथरली आणि खाली पिशवी उलट्या दिशेने फिरू लागली. पुढे मला सवय झाली. त्या आवाजाची मात्र झाली नाही.

त्यांनी स्वतः कधी कापला नाही. रोज सकाळी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून दोन बोटं पट्टीवरून वर-खाली फिरवायच्या. बस्स.

मोठं, बारीक, मधलं हे त्या माणसांनाही लावायच्या. कोणी रडवेलं तोंड घेऊन केबिनमध्ये आलं की पहिला प्रश्न, अडचण कोणती, मोठी, बारीक का मधली? आमच्या वर्गातल्या मनमाडच्या एका मुलीसाठी घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. मारहाण नाही, जबरदस्ती नाही, वडील रेल्वेत, माणूस भला. फक्त दर रविवारी एक पाहुणा. ती म्हणाली, मधली. मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. त्या रविवारी सकाळच्या गाडीने त्या मनमाडला गेल्या. तिथे काय बोलल्या ते तिच्या आईने कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तुमच्या मॅडम आल्या, दोन कप चहा प्यायल्या आणि आमच्या गच्चीवर जाऊन विजेच्या तारेवरचा मांजा काढून गेल्या. पाहुणे यायचे थांबले. ती आता पुण्यात नोकरी करते.

मांज्याचं हे वेड सगळ्या नाशिकला माहीत होतं. संक्रांत झाली की त्या मुलामुलींना घेऊन बांबूला आकडे बांधून बाहेर पडायच्या. गंगापूर रोडची झाडं, शाळांच्या जाळ्या, दिव्यांचे खांब. पतंग उडवणारे दोन दिवस उडवतात आणि विसरतात, पण कापलेला दोरा झाडावर, तारेवर लोंबत राहतो, वाऱ्याने सुटतो, रस्त्यावर आडवा होतो. नायलॉनचा असला तर दिसतही नाही. एका गच्चीवरून एक काका आमची मजा बघत होते. म्हणाले, अहो मॅडम, सण संपला, आता कशाला उन्हात? मॅडमनी वर न बघता सांगितलं, तुमचा संपला, दोऱ्याचा नाही संपला. मुलं हसली. काका पण हसले, आणि चांगले होते बिचारे, त्यांनी आम्हा सगळ्यांना पाणी पाठवलं. मॅडमनी पाणी घेतलं नाही.

कारण आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं. सांगितलं शिवाजीमामांनी. आम्ही चौघी लॅबमध्ये वजनाच्या लोखंडी चकत्या पुसत होतो आणि मी सहज विचारलं की पट्टीला पन्नास किलो का नाही लावले, सरळ आकडा झाला असता. एकेचाळीस कुठून आलं?

मामांनी दार लोटलं. “पोरींनो, पुन्यांदा विचारू नका हां कुनाला,” ते म्हणाले. “पोराचं वजन हाय ते. शाळेत तपासनीत भरलं व्हतं.”

निनाद, मॅडमचा एकुलता एक. दहावीला होता. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. क्लास सुटल्यावर सायकलवरून उतारावरून येत होता. आकाशात एकही पतंग नव्हता. खांबावरून कठड्यापर्यंत एक दोरा आडवा आला होता, कोणी बांधलेला नाही, आपोआप. मामा एवढंच म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त लागलं. दहाव्यानंतर मॅडम तो दोरा एका डबीत घालून आसपासच्या बिल्डिंगींमधून फिरल्या होत्या. एकेक दार वाजवून विचारायच्या, हा तुमचा का? भांडायला नाही. नुसतं विचारायला. कोणीच हो म्हटलं नाही आणि कोणी खोटंही बोलत नव्हतं, कोणाला माहीतच नव्हतं. एका घरी दार उघडणाऱ्या बाईला ही कोण, कशाला आली, ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाचे दिवस. तिने सवयीने मॅडमच्या हातावर तिळगूळ ठेवला. “आन् बाईंनी खाल्ला,” मामा म्हणाले. “मी व्हतो ना संगं. उभ्या उभ्या खाल्ला आन् पुढच्या दाराला गेल्या.”

त्या दिवसापासून आम्हा चौघींना जिन्यात ती पिशवी नुसती पिशवी दिसेना. दुपारच्या सुट्टीत उजेड तिरपा यायचा आणि तिची सावली भिंतीवर पडायची तेव्हा आम्ही कडेने जायचो. कापायची पाळी आली तर डोळे मिटायला सांगावं लागत नव्हतं.

मॅडम त्या वर्षी मे अखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या हिशोबाने पट्टी होळीच्या आसपास जायला हवी होती. आपण हिशोब कडक मांडलाय, प्रत्यक्षात थोडं जास्त निघेल, असं त्या म्हणायच्या. एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर, कोणाकडे न बघता, त्या म्हणाल्या, “मी जाईपर्यंत एवढी एक गोष्ट पडायला नको.” वर्गात सगळ्यांनी ऐकलं. आम्ही चौघींनी वेगळं ऐकलं.

होळी झाली. पट्टी पडली नाही. रंगपंचमी झाली, पडली नाही. मॅडम बदलल्या. केबिनमधून गुणगुणणं ऐकू यायला लागलं. सटाण्याची डाळिंबं आणून लॅबमध्ये कापली, मामांना म्हणाल्या, दाणे मोजत बसू नका, खा. त्यांनी सगळा हिशोब पुन्हा मांडला, पुन्हा तपासला, त्यात काही चूक सापडेना. म्हणजे पट्टीलाच असं काही जमत होतं जे कागदाला कळलेलं नव्हतं. बाहेरगावी अशा दोऱ्यांवर काम करणाऱ्यांची एक सभा होती, तिथे हे मांडायचं त्यांनी ठरवलं. मॅडमना हसताना मी त्या दिवसांत पाहिलं. दात किंचित पुढे होते, तीन वर्षांत ते कधी दिसले नव्हते.

पट्टीला काही जमत नव्हतं. जमत होतं सायलीला.

सायली आमच्या चौघींतली येवल्याची. घरात पैठणीचे माग. मागावर ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की तो लगेच सांधायचा, दोन टोकं जुळवून, मधे तुकडा घालून, बोटाने पीळ देऊन, असा की कापडावर ओळखू येऊ नये. तुटका धागा तसाच ठेवून उठलं तर तिचे वडील जेवायला बसू देत नसत. ती लहानपणापासून हेच करत मोठी झालेली. तिला ते शिकवायला लागलं नव्हतं आणि न करणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. निनादचं कळल्यावर ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन रोज काही धागे सांधत होती. वर्कशॉपच्या रिळाचा दोरा, थोडा डिंक. आम्हा बाकी तिघींनाही तिने सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी आम्ही जिना चढत होतो. मॅडम दुसऱ्या मजल्यावर थांबलेल्या. बोटं पट्टीवर, आणि बोटं हलत नव्हती. मग अगदी थोडी वर गेली, परत त्याच जागी आली. त्यांनी मामांना टेबललॅम्प आणायला सांगितला. दिव्याच्या उजेडात त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मागे मुलांची रांग साठली, कोणी पुढे जाईना.

“हे कोणी केलं?” मॅडमनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. दार उघडणाऱ्या अनोळखी माणसाला विचारावं तसा, मऊ. आणि उत्तर येणार नाही हे धरूनच विचारल्यासारखा, कारण विचारून होताच त्या पुन्हा पट्टीकडे वळल्या होत्या.

“मी केलं, मॅडम,” सायली म्हणाली.

मॅडमनी कठडा धरला. तिच्याकडे बघितलं. “परत बोल.”

“मी. माझं आहे ते.”

मला वाटलं, आता अहिराणी सुरू होणार. मॅडम पायरीवर बसल्या. शेजारची जागा हाताने झटकली आणि सायलीला बस म्हणाल्या. ती बसली आणि रडायला लागली. मॅडमनी तिला रडू दिलं. थोपटलं वगैरे नाही, नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यात एवढं काय बघण्यासारखं होतं ते तिथे उभ्या असलेल्या पुष्कळ मुलांना कळलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, किती सांधलेस? तिला आकडा माहीत नव्हता. कुठे कुठे, ते बोटाने कळेल म्हणाली.

“मग उघड,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, नको ना. मेपर्यंत मी सांभाळते. कोणाला कळणार नाही.”

“मला कळलं ना,” मॅडम म्हणाल्या. “आणि वर कोण सांधायला जाणार आहे, सायली? ऊठ.”

त्या दोघी वरून सुरुवात करून खाली येत गेल्या. सायली चाचपून सांधा दाखवायची, मॅडम कात्रीने तो उघडायच्या. पहिल्यांदाच कात्री त्यांच्या हातात दिसत होती. त्या डोळे मिटत नव्हत्या. प्रत्येक धागा नीट बघून कापत होत्या. तो बारीक आवाज, मग पट्टीची थरथर, मग खाली पिशवीचं फिरणं. तासिकेची घंटा झाली, कोणी गेलं नाही. सिव्हिलचे सरसुद्धा येऊन उभे राहिले. चौथा झाला, तिसरा झाला. दुसऱ्या मजल्यावर अजून काही सांधे बाकी असताना पट्टीतून कापड फाटल्यासारखा एक लांब आवाज आला. मॅडमनी कात्री मागे घेतली. उरलेले धागे एकामागून एक आपले आपणच गेले, बघता बघता, आणि पिशवी वाळूत पडली.

आवाज मोठा झाला नाही. वाळू होती. पण पायाखाली जिना हलल्यासारखा वाटला, आणि वरचा तुकडा रिकामा होऊन पोकळीत वळवळत राहिला.

मॅडम खाली बघत होत्या. मग त्यांनी मला हाक मारली, कारण मी जवळ होते. “हिशोब बरोबर होता,” त्या म्हणाल्या. “होळीलाच पडली असती.”

सायली म्हणाली, “मी अजून धरून ठेवली असती.”

“माहितीये,” मॅडम म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथे होता.

सभेला येत नाही असं त्यांनी त्याच दिवशी कळवलं. नंतर आमच्या परीक्षा लागल्या, त्या रजेवर गेल्या, आणि निरोप समारंभ नको म्हणून सटाण्याला निघून गेल्या. सायलीला त्यांचे फोन येतात असं ऐकते. मी आता अंबडला एका कारखान्यात क्रेनचे दोर तपासते, माझी सही झाल्याशिवाय दोर वजनाला लागत नाही. माझ्या आणि मॅडमच्या भेटीचा योग पुन्हा आला नाही. त्यामुळे मला त्या दिसतात त्या त्याच दिवशीच्या, दुपारच्या.

जिना मोकळा झाला होता. मामा वाळूची पेटी ओढायला आले तर त्यांना मॅडमनी थांबवलं. पिशवीचं तोंड सोडलं आणि एकेक चकती बाहेर काढून लॅबमध्ये नेऊन ठेवायला लागल्या. मामा म्हणाले, बाई, मी नेतो, जड हाय. त्या म्हणाल्या, राहू द्या. मी वरून बघत होते. चकत्या आपण सगळे जशा नेतो तशाच त्या नेत होत्या, दोन्ही हातांनी धरून, अंगापासून जरा लांब, कपड्याला गंज लागू नये म्हणून. शेवटची मोठी होती. ती त्यांनी उचलली, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग वर सरकवून कमरेवर घेतली, दुसरा हात तिच्या मागून घातला आणि पदर तिच्यावर ओढून घेतला. लोखंड तसं कोणी उचलत नाही. मामांनी लॅबचं दार उघडून धरलं आणि तोंड दुसरीकडे केलं. मॅडम दारातून आत गेल्या, जरा वाकून, म्हणजे चौकट लागू नये.